घोडा, टेबल आणि तीनशे गुण : सरकारी नोकरीच्या मुलाखतीची कुळकथा (धागा)

१/
लंडन, नोव्हेंबर १८९२. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या खुल्या परीक्षेत अकरावा आलेला वीस वर्षांचा एक बंगाली तरुण अगदी अखेरच्या टप्प्यावर अपात्र ठरवला जातो. ग्रीक आणि लॅटिन त्याला मातृभाषेसारख्या अवगत होत्या. उमेदवारीच्या दोन वर्षांतील लेखी परीक्षाही तो उत्तीर्ण झाला होता. राहिली होती ती घोडेस्वारीची चाचणी. त्यासाठी त्याला पुन्हापुन्हा बोलावण्यात आले आणि तो गेला नाही. या तरुणाचे नाव अरविंद घोष.

२/
आपल्यापैकी अनेकांचे मित्र सध्या राज्यसेवेच्या किंवा यूपीएससीच्या मुलाखतीची तयारी करीत असतील. आमच्या वसतिगृहात तर संध्याकाळी एका खोलीत चौघे ‘बोर्ड’ होऊन बसतात आणि पाचवा टाय लावून दार ठोठावतो. त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसण्याची ही रीत आली कोठून, आणि टेबलापलीकडच्या माणसाला नेमके काय दिसते असे आपण मानत आलो, याचा मागोवा आज घेऊ. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभी मुलाखत नव्हतीच, होता तो वशिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना नेमणुकांची शिफारस करण्याचा हक्क असे. पुतण्या, भाचा, मित्राचा मुलगा अशांची नावे सुचवली जात. ती मुले १८०६ साली स्थापन झालेल्या कॉलेजात, पुढे हेलिबरी येथे, शिकत आणि जहाजात बसून हिंदुस्थानात येत. १८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा हक्क काढून घेतला, १८५४ साली मेकॉलेच्या समितीने स्पर्धा परीक्षेची योजना मांडली आणि १८५५ मध्ये पहिली खुली परीक्षा लंडनला झाली. हेलिबरीचे दार १८५८ साली बंद झाले.

४/
मेकॉलेला आपण शाळेपासून शिव्या देत आलो आहोत. त्यातल्या पुष्कळशा रास्तही आहेत. परंतु या योजनेतील एक गोष्ट मान्य करावी लागते. बाप कोण, काका कोण, हे विचारण्याचे स्थान तिच्यात उरले नव्हते. काही विषयांत तोंडी परीक्षा असे, पण ती त्या त्या विषयापुरती.

मग पक्षपात कोठे होता? गुणांच्या कोष्टकात. समितीने सुचवलेले आकडे पाहा : ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १५००, संस्कृत ३७५, अरबी ३७५. परीक्षा केवळ लंडनमध्ये. समुद्र ओलांडायचा, जातीबाहेर पडण्याची भीती पत्करायची, वर्ष-दोन वर्षांचा खर्च उभा करायचा आणि ज्या भाषा इंग्रज मुलगा दहाव्या वर्षापासून घोकतो त्यांत त्याच्याशी टक्कर द्यायची.

५/
तरीही १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. आयसीएसमध्ये शिरलेले हे पहिले हिंदी गृहस्थ, रवींद्रनाथांचे वडीलबंधू. त्यांची नेमणूक झाली मुंबई इलाख्यात. सारी नोकरी त्यांनी याच भागात केली आणि १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. साताऱ्याच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

६/
आता १८६९. या वर्षी चार हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून काढून टाकण्यात आली.

आजच्या उमेदवाराला ‘कागदपत्र पडताळणी’ या शब्दांनी जो घाम फुटतो, त्याचा हा पूर्वज म्हणायचा. सुरेंद्रनाथांनी १८६३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी वय सोळा लिहिले होते. आपल्याकडे चालू वर्ष मोजण्याची रीत. सोळावे लागले म्हणजे सोळा. इंग्रजांची रीत पूर्ण झालेली वर्षे मोजण्याची. आयुक्तांनी त्या सोळावरून हिशेब केला आणि उमेदवार वयोमर्यादेबाहेर गेल्याचे ठरवले. प्रत्यक्षात सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. परीक्षेच्या वेळी त्यांना एकविसावे पूर्ण व्हायचे होते.

७/
ते गप्प बसले नाहीत. शपथपत्रे गोळा करून त्यांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली. हिंदुस्थानात वय कसे मोजतात, हा प्रश्न लंडनच्या न्यायमूर्तींसमोर गेला आणि न्यायालयाचा कल पाहून आयुक्तांनी माघार घेतली. दोघांनाही पुन्हा यादीत घेण्यात आले.

सुरेंद्रनाथ १८७१ साली सिल्हेटला रुजू झाले आणि १८७४ साली बडतर्फही झाले. तो निराळा विषय. पुढे सरकारने कमाल वय एकोणीसवर आणले, तेव्हा त्याविरुद्ध देशभर सभा घेत फिरणारा वक्ता हाच होता. आयसीएसच्या वयोमर्यादेवरची ती चळवळ आपल्या राजकीय इतिहासातील पहिल्या अखिल भारतीय आंदोलनांपैकी एक ठरली. परीक्षेची एक अट आणि तिच्यामागे उभा राहिलेला देश, याकडे आपली पाठ्यपुस्तके दोन ओळींत पाहतात याचे मला वाईट वाटते.

८/
पुन्हा घोड्याकडे येऊ. घोडेस्वारीची चाचणी हा निव्वळ छळ नव्हता. जिल्ह्याचा अधिकारी वर्षातील कित्येक महिने तंबूत राही आणि गावोगाव घोड्यावरून फिरे. कामाला लागणारे कौशल्य तपासणे यात गैर ते काय? पण घोडा शिकायला पैसे लागत. अरविंदांच्या वडिलांकडून येणारी रक्कम कधीच आटली होती. तिघे भाऊ लंडनच्या थंडीत अर्धपोटी दिवस काढत होते. ज्याच्या घरी पागा असते त्याला या चाचणीची तयारी करावी लागत नाही. अर्थात अरविंदांना ही नोकरी मनापासून नकोच होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. तेव्हा त्यांच्या न जाण्यात गरिबी किती आणि निर्धार किती, याचा निवाडा मी करणार नाही.

९/
आणि आता या कथेतील माझा सर्वांत आवडता भाग.

आयसीएस हुकल्यावर नोकरी शोधणाऱ्या अरविंदांची लंडनमध्येच गाठ पडली ती बडोद्याच्या महाराजांशी, सयाजीराव गायकवाडांशी. मध्यस्थ जेम्स कॉटन. पगार किती मागावा याची या भावांना काडीचीही कल्पना नव्हती. कोणा जाणत्याला विचारले. त्याने सांगितले, दोनशे रुपये मागा, पण एकशे तीसही मिळाले तरी घ्या. बोलणी थोरल्या भावाने आणि कॉटनसाहेबांनी केली. दोनशे ठरले. आयसीएसच्या नव्या अधिकाऱ्याला याहून पुष्कळ अधिक मिळत असे. सिव्हिल सर्व्हिसचा माणूस आपल्याला दोनशे रुपयांत मिळाला, असे महाराज आनंदाने सांगत सुटले, ही आठवण अरविंदांनी उतारवयात हसत हसत सांगितली आहे. कॉटनला तरी अधिक समजायला हवे होते, असा शेराही जोडला आहे.

पगाराची बोलणी करताना गांगरून गेलेल्या प्रत्येक पदवीधराने ही गोष्ट जपून ठेवावी. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. मराठी ते तेथेच शिकले.

१०/
सयाजीरावांना माणूस पारखण्याची ही नजर कोठून आली? ते स्वतःच एका मुलाखतीतून आले होते! १८७५ साली जमनाबाईंना दत्तक घेण्यासाठी गायकवाड कुळातील मुले पाहायची होती. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून शेतकऱ्याच्या घरची मुले बडोद्याला आणली गेली. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे त्यांना विचारले गेले. इतर मुले गोंधळली. बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. चरित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली ही कथा. तिच्यावर थोडाफार मुलामा चढला असेलही. पण निवड गोपाळाचीच झाली आणि त्याचे सयाजीराव झाले, हे इतिहास आहे.

११/
याच महाराजांसमोर पुढे आणखी एक तरुण उभा राहिला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भीमराव आंबेडकरांना घेऊन त्यांच्याकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी महिना पंचवीस रुपये मंजूर झाले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठीची शिष्यवृत्ती मिळाली, तीही महाराजांच्या भेटीनंतरच. अट होती शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याची.

सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्याला आले. त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुलाखतीत राजाने ज्याला पसंत केले, त्याला त्या राजाच्या शहराने बारा दिवसही टिकू दिले नाही. यशस्वी मुलाखतींच्या कथा सांगताना आपण नेमणुकीपाशी थांबतो. आंबेडकरांची कथा तेथे थांबवता येत नाही.

१२/
तोपर्यंत लंडनमध्ये वेगळेच घडत होते. पहिले महायुद्ध सुरू असताना स्टॅन्ली लीदस यांच्या समितीने १९१७ साली वरिष्ठ सेवांच्या परीक्षेची फेररचना सुचवली. तिच्यात एक नवी गोष्ट होती : तीनशे गुणांची तोंडी परीक्षा, आणि तीही कोणत्याच विषयाची नव्हे. सर्वसाधारण आवडीच्या बाबींवर उमेदवाराशी बोलायचे आणि त्याची तरतरी, बुद्धिमत्ता व दृष्टीचा आवाका जोखायचा. आपण आज जिला मुलाखत म्हणतो, ती ही. व्यक्तिमत्त्व चाचणी हे तिचे पुढचे नाव.

१३/
‘सर्वसाधारण आवड’ हा शब्दप्रयोग वरवर निरुपद्रवी वाटतो. पण आवड कोणाची सर्वसाधारण? ऑक्सफर्डच्या भोजनगृहात रोज दोन तास गप्पा मारण्यात वाढलेल्या मुलाला या परीक्षेसाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. ज्याच्या घरी क्रिकेट, चित्रकला आणि पार्लमेंट हे जेवताना बोलायचे विषय नव्हते, त्याने ते कोठून शिकायचे? वशिल्याला १८५५ साली पुढच्या दाराने घालवले, तो १९१७ साली मागच्या दाराने सभ्य कपडे घालून परतला, असे मला वाटते. माझे काही मित्र याला अतिशयोक्ती म्हणतात. त्यांचे म्हणणे, नुसत्या कागदावरून माणूस कळत नाही. तेही खरे आहे.

१४/
येथे कौटिल्याला साक्षीला बोलावतो. अर्थशास्त्राची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती आली आणि १९०९ साली ग्रंथ छापला गेला, त्यामुळे मेकॉलेला त्याची वार्ता असणे शक्य नव्हते. अमात्य निवडताना काय पाहावे, हे सांगणाऱ्या प्रकरणात कौटिल्य प्रत्येक गुणासाठी निराळी जागा नेमून देतो. कूळ आणि संयम यांविषयी आप्तांना विचारावे. विद्येची पारख त्याच विद्येच्या जाणकारांकडून करावी. बुद्धी, चिकाटी आणि दक्षता प्रत्यक्ष कामात दिसतात, तेथेच पाहाव्यात. शीलाबद्दल त्याच्या सहवासात राहणाऱ्यांना विचारावे.

आणि संभाषणात काय पाहावे? वाग्मिता, प्रागल्भ्य आणि प्रतिभान. म्हणजे बोलण्याचे सामर्थ्य, धीटपणा आणि प्रसंगावधान. एवढेच! बोलण्यातून शील कळते असे तो म्हणत नाही, कामाची दक्षता कळते असेही म्हणत नाही. लीदस समितीच्या टेबलाशी अर्ध्या तासात अख्खा माणूस दिसावा अशी अपेक्षा होती. कौटिल्याची अपेक्षा फार माफक होती.

(तोच कौटिल्य पुढच्या प्रकरणात अमात्यांची निष्ठा तपासायला गुप्तहेरांकरवी खोटी कारस्थाने रचायला सांगतो. तेव्हा त्याला ‘प्राचीन एचआर’ वगैरे म्हणणाऱ्या पोस्टपासून सावध राहावे.)

१५/
मुलाखतीच्या गुणांवर विसंबता येते का, हे कोणी तपासले? तपासले, आणि तपासणाऱ्याचा आपल्याशी संबंध आहे. सर फिलिप हार्टोग : ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९२९ च्या हिंदी शिक्षणावरील हार्टोग समितीचे अध्यक्ष. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह परीक्षापद्धतीची चिकित्सा केली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. एका प्रयोगात सोळा उमेदवारांची मुलाखत दोन स्वतंत्र मंडळांनी घेतली, तीनशेच गुणांची. पहिल्या मंडळाने ज्याला पहिला क्रमांक दिला, तो दुसऱ्या मंडळाकडे तेरावा ठरला.

१६/
पण तोवर पद्धत येथे रुजली होती. १९२२ पासून आयसीएसची परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली, पहिली अलाहाबादला. ऑक्टोबर १९२६ मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला, १९३७ मध्ये तो फेडरल झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी संघ लोकसेवा आयोग. नावे बदलत गेली. टेबल राहिले.

१७/
स्वातंत्र्यानंतर त्या टेबलासमोर स्त्रिया बसू लागल्या, आणि टेबलापलीकडे काय चालते ते उघडे पडले.

१९४८ ची परीक्षा देऊन सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेकडे निघाल्या, तेव्हा मुलाखत मंडळाने ती सेवा घेऊ नये म्हणून त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. तरीही त्या गेल्या. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले.

१९५१ साली केरळच्या अ‍ॅना राजम जॉर्ज यांच्यासमोर आयोगाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी आणि इतर सदस्य होते. परराष्ट्र सेवा किंवा केंद्रीय सेवा घ्या, त्या स्त्रियांना अधिक शोभतात, असा सल्ला मंडळाने दिला. (तीन वर्षांपूर्वी मुथम्मांना जी सेवा अशोभनीय म्हणून सांगितली, तीच आता शोभनीय झाली होती, याकडे लक्ष असू द्यावे.) अ‍ॅना राजम आयएएसवर ठाम राहिल्या आणि त्यांनी मद्रास केडर निवडले. नियुक्तिपत्रात लिहिले होते : विवाह झाल्यास सेवा समाप्त होईल.

१८/
मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनाही एका तरुणीकडे उपविभाग सोपवणे रुचत नव्हते. सचिवालयातले काम देऊ केले गेले. अ‍ॅना राजम यांनी आपला दावा लढवला. घोडेस्वारी आणि नेमबाजीचे प्रशिक्षण त्यांनी इतर अधिकाऱ्यांप्रमाणेच घेतले होते. १८९२ सालचा तोच घोडा. पण या वेळी ‘पुरुषांना जमते ते मलाही जमते’ याचा पुरावा म्हणून कामी आला. विवाहाची अट पुढे गेली, त्यांनी आर. एन. मल्होत्रांशी विवाह केला, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी उभे केलेले मोठे काम आपल्या दारातच आहे : न्हावाशेवाचे बंदर.

मुथम्मा १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पदोन्नती नाकारल्याची तक्रार होती. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना पदोन्नती दिली, त्यामुळे याचिका निकाली निघाली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी स्त्रियांवर विवाहासाठी परवानगीची सक्ती करणाऱ्या नियमांवर जे कोरडे ओढले, ते मुळातून वाचावे. विधीच्या विद्यार्थ्यांनी तर वाचावेच.

१९/
आणखी एक प्रसंग, बहुधा सर्वांत बोचरा. १९५० ची परीक्षा. अच्युतानंद दास हे अनुसूचित जातीतून आयएएसमध्ये आलेले पहिले अधिकारी. लेखी परीक्षेत त्यांचे गुण त्या वर्षी सर्वप्रथम आलेल्या एन. कृष्णन यांच्यापेक्षा थोडे अधिकच होते. मुलाखतीत तीनशेपैकी कृष्णन यांना २६० मिळाले, दास यांना ११०. यादीत दास अगदी तळाशी गेले.

कागदावर नाव न पाहता तपासले तेव्हा दोघे बरोबरीचे होते. समोरासमोर बसल्यावर दीडशे गुणांचे अंतर पडले. त्या खोलीत काय बोलणे झाले असेल याची कल्पना मी अनेकदा करून पाहिली आहे. कृष्णन यांच्या गुणवत्तेवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न दीडशेचा आहे.

२०/
पुढे न्यायालयांनी मोजपट्टी हातात घेतली. १९८१ च्या अजय हसिया खटल्यात, महाविद्यालयीन प्रवेशासाठी मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक भार देणे मनमानी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १९८५ च्या अशोककुमार यादव खटल्यात हरियाणाच्या सेवाभरतीतील २२.२ टक्के भार (आणि माजी सैनिकांसाठी ३३.३ टक्के) अवाजवी ठरला. प्रमाण म्हणून बोट दाखवले गेले यूपीएससीकडे : २०५० पैकी २५०, म्हणजे १२.२ टक्के. मुलाखत असावी, हे न्यायालयाने मान्य केले. तिने लेखी परीक्षा गिळून टाकू नये, एवढेच बजावले.

२१/
सध्या यूपीएससीत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. तयारी करणाऱ्यांनी एक पाहावे : यातील प्रागल्भ्य आणि प्रसंगावधान सरावाने वाढते, आणि आमच्या वसतिगृहातील तो टाय लावणारा मित्र दोन महिन्यांत कमालीचा सुधारला आहे. पहिल्या आठवड्यात तो प्रत्येक प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देई. आता ‘हे मला ठाऊक नाही’ असे सरळ, नजर न चुकवता म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो.

२२/
आपली मुलाखत कोणते मंडळ घेणार, हे उमेदवाराला त्याच दिवशी, धोलपूर हाऊसमध्ये पोहोचल्यावर कळते. शिकवणीवर्गांत मंडळांच्या अध्यक्षांच्या स्वभावाच्या, ‘हे सढळ, ते कडक’ अशा याद्या फिरत असतात आणि उमेदवार त्या पाठ करतात. हार्टोगसाहेबांच्या त्या सोळा उमेदवारांपैकी पहिल्याला, जो तेरावाही होता, या याद्या मुळीच हास्यास्पद वाटल्या नसत्या.

धागा येथे संपला. आपल्या घरात कोणाच्या जुन्या मुलाखतीचे पत्र, नियुक्तीचा आदेश किंवा आठवण असेल, विशेषतः १९६० पूर्वीची आणि स्त्रियांची, तर खाली जरूर लिहा.